आपल्या गावात सायकल ट्रॅक: आखणी, परवानग्या आणि पैसा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नगरपरिषद किंवा नगरपंचायत असलेल्या, दहा हजारांपासून लाखभर वस्तीच्या गावांसाठी ही उत्तरे आहेत. महापालिकांचे गणित वेगळे, त्यांच्याकडे सल्लागार नेमायला पैसे असतात. इथे असे धरले आहे की तुमच्या गावात एकच नगरअभियंता आहे, त्याच्या टेबलावर पाणीपुरवठ्यापासून स्मशानभूमीच्या शेडपर्यंत सगळ्या फायली आहेत, आणि तुम्ही पाच-सात जण सायकल ट्रॅकचा विषय घेऊन त्याच्यासमोर उभे आहात.

एवढ्याशा गावाला सायकल ट्रॅक कशाला हवा?

गाव एवढेसे आहे म्हणूनच हवा. स्टँडपासून कॉलेज, बाजारपेठेपासून एमआयडीसी, नव्या वसाहतींपासून हायस्कूल, ही सगळी अंतरे दोन-तीन किलोमीटरची असतात. ताशी १५ किलोमीटरच्या आरामाच्या वेगाने तीन किलोमीटरला बारा मिनिटे लागतात. मोठ्या शहरात हे सुख नाही.

आणि सायकलवाले आहेतच. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांपैकी देशभरात सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. आपल्या गावात ते सकाळी सहा ते आठ दिसतात: पहिल्या पाळीचे कामगार, दूधवाले, पेपरवाली पोरे, गवंड्याच्या हाताखालचे मजूर. त्यांच्यातले कोणी निवेदन घेऊन नगरपरिषदेत येत नाही, म्हणून ते मोजले जात नाहीत. राज्याचा मानव विकास कार्यक्रम १२५ तालुक्यांत चालतो. त्यात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. म्हणजे शासन सायकल देते, आणि त्या मुलीला ती उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेतून चालवायला सांगते.

पुण्यामुंबईत ट्रॅक फसले. आपल्याकडे कोण वापरणार?

हा प्रश्न सभेत हमखास येतो, आणि तो रास्त आहे. पुण्यात सातारा रस्त्यासारख्या मार्गांवर केंद्राच्या नेहरू नागरी योजनेच्या काळात बीआरटीबरोबर (बससाठी राखीव मार्गिका) ट्रॅक झाले. पण मध्येच बसथांबा, पुढे दुकानाचा रॅम्प, मग महावितरणचा डीपी, मग पार्क केलेल्या गाड्या. दर शंभर पावलांवर उतरावे लागले की माणूस एकदाच वापरतो आणि पुन्हा मुख्य रस्त्यावर जातो. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने संपूर्ण शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, त्यातही जोर आहे तो तुकडे जोडून सलग जाळे करण्यावरच. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास ट्रॅक झाला आणि २०२५ मध्ये तो काढून मोटारींना जागा वाढवून द्यायचे एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) ठरवले. तिथे अडचण सरळ होती: स्टेशनवरून संकुलात सायकलने सुखाने पोचताच येत नव्हते, ट्रॅक होता तो फक्त आत.

उलट उदाहरण हवे असेल तर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसचे घ्या. विद्यापीठाचे छोटे गाव. नेदरलँड्समध्ये राहून आलेल्या एका कुटुंबाने आणि त्यांच्या सोबत्यांनी सह्यांची मोहीम काढली, १९६६ च्या स्थानिक निवडणुकीत तो मुद्दा झाला, नवे सभासद निवडून आले आणि १९६७ मध्ये तिथे अमेरिकेतल्या पहिल्या अधिकृत सायकल लेन आखल्या गेल्या. त्यासाठी राज्याचा वाहतूक कायदाही थोडा बदलून घ्यावा लागला. पैसा हा त्यातला लहान भाग होता, लेन म्हणजे मुख्यतः रंगाचे पट्टे. सभागृहात मते होती, हे मोठे.

सुरुवात कुठून करायची?

रस्ता कोणाचा, इथून. नकाशा, बजेट, उद्घाटन सगळे नंतर. गावातून जाणारा मोठा रस्ता बहुधा नगरपरिषदेचा नसतोच. तो राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हामार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा, राष्ट्रीय महामार्ग असेल तर महामार्ग प्राधिकरणाचा किंवा बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाचा. बाह्यवळण झाल्यावर गावातला जुना तुकडा कधी नगरपरिषदेकडे हस्तांतरित झालेला असतो, कधी कागदावर राहिलेला असतो. कॅनॉलची कड जलसंपदा विभागाची, रेल्वेलगतची पट्टी रेल्वेची, ओढ्याकाठची जागा सरकारी किंवा खासगी.

दुसऱ्याच्या मालकीच्या रस्त्यावर नगरपरिषदेला खर्च करायचा तर ना हरकत दाखला लागतो. तो नसेल तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, म्हणून मुख्याधिकारी फाईलवर सही करत नाहीत. लोक म्हणतात, साहेबांची इच्छाशक्ती नाही. साहेबांकडे एनओसी नाही, एवढेच असते.

प्रत्येक तुकड्याची मालकी, रुंदी आणि विकास आराखड्यातली रुंदी असे तीन रकाने करा. माहिती नगररचना विभागात आणि बांधकाम उपविभागात मिळते. तोंडी मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मंजूर आराखड्यात रस्ता १२ किंवा १५ मीटर दाखवला आहे आणि जागेवर ९ मीटर आहे, असे पुष्कळ ठिकाणी सापडेल. उरलेली जागा एकतर अतिक्रमणात आहे किंवा अजून संपादितच झालेली नाही. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अतिक्रमण नोटीस देऊन हटवता येते. संपादनासाठी मोबदला, टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव एफएसआय (त्याच जागेवर जास्त बांधकामाची मुभा) द्यावा लागतो आणि वर्षे जातात. पहिल्या टप्प्यात संपादन लागणारा एकही तुकडा घेऊ नका.

मार्ग कसा निवडायचा?

हौशी लोक तलावाभोवती किंवा नदीकाठी ट्रॅक सुचवतात, कारण तो फोटोत छान दिसतो. तिथे सकाळी चालणारे येतील, सायकल क्वचित येईल. पहिला ट्रॅक शाळेकडे जाणारा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मुले रोज ठरल्या वेळी जातात, आईवडील त्याचे राखणदार होतात, आणि शाळेसमोरच्या कामाला विरोध करायला कोणी नगरसेवक धजावत नाही.

मोजणी स्वतः करा, महागडे सर्वेक्षण नको. शाळा चालू असताना, परीक्षेचा काळ टाळून, मंगळवार ते गुरुवारमधल्या एका दिवशी मुख्य चौकांत दोघे-दोघे उभे राहा. सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा, दर पंधरा मिनिटांना एक ओळ: सायकल, दुचाकी, रिक्षा, चारचाकी, ट्रॅक्टर-ट्रॉली, पायी. सायकलवर मुलगी, मुलगा, बाई, माणूस असे वेगळे मांडा. आठवडे बाजाराचा दिवस स्वतंत्र मोजा, त्या दिवशीचे गाव निराळेच असते. एनएसएसची मुले हे काम उत्तम करतात. शाळेच्या सायकल स्टँडमधल्या सायकली मोजणे तर अर्ध्या तासाचे काम आहे, आणि सभेत तो आकडा सगळ्यात जास्त बोलतो.

मग त्या मार्गावर स्वतः सायकल चालवत जा आणि अडथळे लिहा. विजेचे खांब, डीपी, गटाराची चेंबरे, दुकानांचे ओटे, पानटपऱ्या, बॅनरच्या कमानी. गटाराच्या जाळ्या खास पाहा. जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने बसवल्या असतील तर पुढचे चाक सरळ त्यात जाते. तीच जाळी काटकोनात फिरवून बसवली की धोका संपतो, आणि त्याला निविदा लागत नाही.

कॅनॉलच्या कडेने ट्रॅक करता येईल का?

नीरा, मुळा, प्रवरा, कृष्णा अशा खोऱ्यांतल्या अनेक गावांना ही संधी आहे. कॅनॉलला देखभालीसाठी सेवारस्ता असतोच, चढउतार नसतो, चौक कमी असतात, सावली असते. पण जमीन जलसंपदा विभागाची. परवानगी मिळाली तरी देखभालीच्या यंत्रांना वाट मोकळी ठेवण्याची अट येते, म्हणजे कडेला पक्के कठडे आणि बाके गच्च लावता येत नाहीत. कार्यकारी अभियंत्याकडे प्रस्ताव नगरपरिषदेनेच पाठवावा, नागरिकांच्या अर्जावर ते फार तर पोच देतील. आणखी एक: अंधार. संध्याकाळी क्लासवरून येणारी मुलगी निर्जन कॅनॉलवरून जाणार नाही, दिवे लावले तरी कदाचित जाणार नाही. म्हणून कॅनॉलचा मार्ग हा दुसरा टप्पा समजा.

रुंदी किती ठेवायची?

सायकलचे हँडल साधारण साठ सेंटीमीटरचे असते. चालवताना ती थोडी डुलते, म्हणून एका सायकलला मीटरभर जागा लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९६२ च्या मानकातही दोन सायकलींसाठी किमान २ मीटर धरले होते. ते मानक, आयआरसी ११, २०१५ मध्ये सुधारले गेले. नगरअभियंत्याशी बोलताना त्याचे नाव घ्या, चर्चा लगेच नेमक्या पातळीवर येते.

व्यवहारात एकेरी ट्रॅक २ मीटर आणि दुहेरी ३ मीटर ठेवा. दुधाच्या कॅन लावलेली सायकल, भाजीची पाटी, अपंगांची तीनचाकी, हे सगळे बसायला हवे. दीड मीटरचा ट्रॅक करून लांबी वाढवण्याचा मोह होतो. त्यापेक्षा अर्धा किलोमीटर कमी करा. आणि मोजताना झाडाच्या बुंध्यापासून, खांबापासून मोजा. कागदावरचा दोन मीटर जागेवर सव्वा मीटर निघतो तो याच हिशेबात.

रस्ताच नऊ मीटरचा आहे. ट्रॅक कुठे बसवायचा?

बसवू नका. अरुंद रस्त्यावर वेगळा ट्रॅक काढला की तो आठवड्यात पार्किंग होतो. अशा ठिकाणी मोटारींचा वेग कमी करणे हाच उपाय: शाळेजवळ ताशी ३० ची मर्यादा, शास्त्रशुद्ध आकाराचे गतिरोधक, चौकाच्या तोंडाशी उंचवट्यावरचे पादचारी पट्टे. गल्लीतल्या मंडळांनी सिमेंटचे ढिगारे टाकून केलेले गतिरोधक सायकलवाल्याचीच कंबर मोडतात. समांतर दोन गल्ल्या असतील तर मोटारींना एकेरी आणि सायकलला दुहेरी, हेही करता येते. त्यासाठी पोलिसांचा अभिप्राय आणि जिल्हा पातळीवरची वाहतूक अधिसूचना लागते.

पेव्हर ब्लॉक, डांबर की काँक्रीट?

डांबर किंवा यंत्राने सपाट केलेले काँक्रीट. पेव्हर ब्लॉक ठेकेदाराला आवडतात, कारण खोदाई झाली की उचलून परत बसवता येतात, निदान सांगताना तसे सांगतात. सायकलच्या बारीक टायरला मात्र प्रत्येक फट हातात जाणवते, आणि दोन पावसाळ्यांत खालची वाळू वाहून ब्लॉक डुगडुगू लागतात. पाइपलाइन किंवा केबल नक्की जायची आहे, तेवढ्या पट्ट्यात ब्लॉक ठेवा. संपूर्ण ट्रॅक रंगवायचीही गरज नाही. रंग महाग असतो आणि चुकीचा असेल तर पावसात घसरतो. चौक ओलांडताना आणि पेट्रोल पंपाच्या तोंडाशी रंग द्या, बाकी सायकलचे चिन्ह पुरे.

एका किलोमीटरला खर्च किती?

खरा आकडा तुमच्या जिल्ह्याच्या चालू दरसूचीतून (कामांच्या सरकारी दरांची यादी) निघतो, कोणी ऐकीव सांगितला तर विश्वास ठेवू नका. हिशेबाची पद्धत अशी: अडीच मीटर रुंद आणि हजार मीटर लांब म्हणजे २,५०० चौरस मीटर. समजा खोदाई, खडी, पृष्ठभाग आणि कडेचे दगड धरून चौरस मीटरला १,५०० रुपये आले, तर साडेसदतीस लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की सव्वाचव्वेचाळीस लाख.

गाडी घसरते ती पुढच्या बाबींवर. डीपी किंवा खांब हलवायचा खर्च नगरपरिषदेलाच महावितरणकडे भरावा लागतो. गटार ट्रॅकखालून जात असेल तर त्याचे स्लॅब बदलावे लागतात. दिवे, फलक, पट्टे, झाडांची आळी, आकस्मिक खर्च. ही यादी अंदाजपत्रकात पहिल्या दिवशी आली नाही तर काम अर्धे झाल्यावर सुधारित अंदाजपत्रक येते आणि फाईल परत जिल्ह्याला जाते.

सगळ्यात स्वस्त ट्रॅक कोणता, तर दुसऱ्या कामात बसलेला. बांधकाम खाते गावातला रस्ता रुंद करणार असेल, भुयारी गटार किंवा पाणी योजनेनंतर रस्ते पुन्हा करायचे असतील, तर त्या अंदाजपत्रकातच ट्रॅक घाला. रस्त्याचा आडवा छेद, म्हणजे रुंदीची वाटणी, नकाशावर असतानाच बदलून घ्यावा लागतो. कार्यारंभ आदेश निघाल्यावर ठेकेदारही ऐकत नाही आणि अभियंताही.

पैसा कुठून येतो?

सायकल ट्रॅक नावाची स्वतंत्र, कायमची योजना लहान गावांसाठी नाही. म्हणून दोन-तीन डबक्यांतून पाणी काढावे लागते.

नगरपरिषदेचा सर्वसाधारण निधी पहिला. घरपट्टीतून येणारा पैसा वीजबिल, पाणी आणि आस्थापनेतच जातो, त्यामुळे इथून मोठी रक्कम मागू नका. पण पाच-दहा लाखांची तरतूद नावाने होऊ द्या. अर्थसंकल्पात लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचे स्वतंत्र खाते, उघडले की बाहेरचा निधी आणायला खिडकी तयार होते.

वित्त आयोगाचा निधी दुसरा. पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात दहा लाखांखालच्या शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, ४० टक्के अबंधित. अबंधित पैसा स्थानिक गरजेच्या कामाला वापरता येतो, पगाराला नाही. सोळाव्या आयोगाचा काळ १ एप्रिल २०२६ पासून, तेव्हा त्याच्या अटी लेखापालांकडून समजून घ्या.

तिसरा आणि बहुधा मुख्य, राज्याचा. जिल्हास्तरीय नगरोत्थान अभियान जिल्हा नियोजन समितीमार्फत चालते, त्यात रस्त्यांची कामे घेता येतात. नगरविकास विभागाची वैशिष्ट्यपूर्ण कामांची योजना आहे. दोन्हीकडे पालकमंत्री आणि आमदार यांचा शब्द चालतो, हे लपवण्यात अर्थ नाही. माझी वसुंधरा अभियानात २०२० पासून गावे भाग घेतात. तिथे क्रमांक आला तर बक्षिसाची रक्कम पर्यावरणाच्या कामांवर खर्च करता येते आणि ट्रॅक त्यात चपखल बसतो.

केंद्राच्या अमृत योजनेचे नाव हटकून निघते. २०१५ च्या पहिल्या अमृतमध्ये लाखावरच्या शहरांसाठी पादचारी आणि सायकलच्या सोयी होत्या. २०२१ च्या अमृत २.० मध्ये भर पाणी आणि सांडपाण्यावर आहे, तिथे वेळ घालवू नका.

आमदार-खासदार निधीतून होईल?

तुकडा होईल. आमदारांना वर्षाला ५ कोटी, खासदारांनाही ५ कोटी, पण मतदारसंघात गावे किती ते पाहा. दहा-पंधरा लाखांचा एक सलग, स्वतंत्र उपयोगी तुकडा मागा: समजा हायस्कूल ते चौक. शिफारसपत्र जिल्हाधिकारी कार्यालयात जाते, जिल्हा नियोजन शाखा छाननी करते. जागा सार्वजनिक मालकीची आणि पुढची देखभाल नगरपरिषदेकडे, याचे दाखले सोबत जोडलेले असतील तर फाईल फिरत नाही.

सीएसआर? आमच्याकडे साखर कारखाना आहे.

कारखाना सहकारी असेल तर सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून करायचा सामाजिक खर्च, लागूच होत नाही. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ कंपन्यांना आहे, सहकारी संस्थांना नाही. खासगी कारखाना, एमआयडीसीतली मोठी कंपनी यांना ते लागू होऊ शकते: निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक निकष पुरा झाला तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. कंपनी स्वतः काम करते किंवा सीएसआर-१ नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत करून घेते, म्हणून जागा वापरण्याचा करारनामा नगरपरिषदेने करून द्यावा लागतो. कंपनीचे स्वतःचेच कामगार त्या रस्त्याने येत असतील तर प्रस्तावात ते पहिल्या ओळीत लिहू नका. केवळ कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये बसत नाही. शाळकरी मुले आणि पर्यावरण पुढे ठेवा.

सहकारी कारखान्याकडून पैशापेक्षा दुसरी गोष्ट मागा: गाळपाच्या दिवसांत शाळेच्या वेळात गावातून ट्रॉल्या सोडू नका. याला रुपया लागत नाही.

मंजुरीचा क्रम काय?

मागणीचे निवेदन, सर्वसाधारण सभेचा ठराव, मालकी आणि ना हरकत, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, कार्यारंभ आदेश. ठरावात "सायकल ट्रॅक करण्यास मान्यता" एवढेच लिहून घेऊ नका. कुठून कुठपर्यंत, रुंदी, निधीचा प्रकार आणि देखभालीची जबाबदारी, चारही गोष्टी असाव्यात. सूचक-अनुमोदक विरोधी गटातले दोघे असतील तर सत्ता बदलली तरी ठराव जगतो.

वेळ पाळा. अर्थसंकल्पाची सभा जानेवारी-फेब्रुवारीत असते, खातेनिहाय मागण्या त्याआधी तयार होतात. म्हणून दिवाळीनंतर लगेच निवेदन द्या. मार्चएंडला पैसे कुठेतरी खर्ची टाकायची घाई असते. त्या वेळी ज्याची एनओसी आणि अंदाजपत्रक तयार असते त्याचे काम निघते. आचारसंहितेचे महिने वजा करून वेळापत्रक मांडा. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. तुमच्या नगरपरिषदेत तशी सोय नसली तरी तसा अर्ज द्यायला कोणाची बंदी नाही.

आम्ही ग्रामपंचायतीत येतो. आम्हाला हे लागू आहे का?

थोडेफार. तुमचे रस्ते जिल्हा परिषदेचे, निधीची भाषा ३०५४ आणि ५०५४ या रस्त्यांच्या खर्चाच्या लेखाशीर्षांची, आणि ठराव ग्रामसभेचा. मोठ्या गावाला जोडणाऱ्या दोन किलोमीटरच्या रस्त्याची साइडपट्टी मुरूम टाकून, दाबून नीट ठेवली तरी शाळेच्या मुलांचे निम्मे काम होते.

दुकानदारांचा विरोध आहे.

त्यांची भीती पार्किंगची असते. आधी मोजा: दुकानासमोर दिवसभर उभ्या दुचाकी कोणाच्या आहेत? बहुतेक बाजारपेठांत त्यातल्या बऱ्याच दुकानाच्या मालकाच्या आणि नोकरांच्या निघतात. गिऱ्हाईक दहा मिनिटांत जाते. मालकांच्या गाड्यांना मागच्या गल्लीत किंवा नगरपरिषदेच्या मोकळ्या जागेत सोय करून द्या, मग बोलणी सुरू करा. व्यापारी संघाच्या बैठकीला नकाशा कोरा घेऊन जा, ठरलेला घेऊन गेलात की तो फाटतो. महिनाभर बॅरिकेड आणि चुन्याचे पट्टे मारून करून पाहू, हा प्रस्ताव सहसा मान्य होतो.

फेरीवाले आणि टपऱ्यांचे काय?

२०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार शहर फेरीवाला समिती आणि सर्वेक्षण हवे. त्यांना जागा न दाखवता हुसकले तर पंधरा दिवसांत परत येतात, आणि त्यांची बाजू कायद्याने भक्कम असते. चौकाच्या आधी दोन मीटर खोलीची जागा त्यांच्यासाठी ट्रॅकच्या बाहेर आखून द्या. रसवंती आणि वडापावची गाडी ट्रॅकशेजारी असणे चांगलेच, रात्री वर्दळ राहते.

दुचाकीवाले ट्रॅकमध्ये घुसतात. खांब लावावेत का?

खांबांनी कार आणि रिक्षा अडते. मोटारसायकल सायकलएवढ्याच फटीतून जाते, आणि फट कमी केली तर तीनचाकी आणि व्हीलचेअर अडकते. म्हणून खांब सव्वा ते दीड मीटर अंतरावर ठेवा, त्यावर रिफ्लेक्टर लावा, दुचाकीसाठी दुसरा उपाय करा. मोटार वाहन नियमांनुसार सायकल ट्रॅकवर मोटार चालवायला आणि उभी करायला मनाई आहे, तेव्हा पहिले दोन महिने शाळेच्या वेळात एक होमगार्ड उभा राहिला पाहिजे. दुचाकी ट्रॅकमध्ये घुसते ती बहुधा मुख्य रस्ता तुंबल्यावर किंवा यू-टर्न लांब असल्यावर. ते कारण तिथल्या तिथे सोडवले तर दंडाची गरज कमी पडते.

मध्ये जुनी झाडे आहेत.

ट्रॅक वळवा. नागरी क्षेत्रात झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि मे महिन्यात त्या चिंचेखाली नसलेला ट्रॅक कोणी वापरणार नाही.

इलेक्ट्रिक सायकल चालेल का? हेल्मेट सक्तीचे आहे का?

२५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाड्यांना नोंदणी लागत नाही. पेडल असलेल्यांना ट्रॅकवर येऊ द्यावे, स्कूटरसारख्या दिसणाऱ्यांना नको, असे माझे मत. सायकलला हेल्मेट कायद्याने सक्तीचे नाही.

भाड्याच्या सायकलींची योजना सोबत आणावी का?

आत्ता नको. पुण्यात २०१७-१८ मध्ये अशा कंपन्या धूमधडाक्यात आल्या आणि दोनेक वर्षांत बहुतेकांनी गाशा गुंडाळला. लहान गावात लोकांकडे सायकल असते, नसते ती सायकल लावायला सावलीची जागा. स्टँडवर आणि नगरपरिषदेच्या आवारात पत्र्याची शेड आणि साखळी बांधायला लोखंडी कमानी करा. लोकवर्गणीतून किंवा रोटरीसारख्या संस्थेकडून हे काम सहज होते.

काम झाले, वर्षभरात उखडले. कोणाला धरायचे?

कार्यारंभ आदेशात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या काळात दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते आणि तोपर्यंत त्याची सुरक्षा अनामत नगरपरिषदेकडे अडकलेली असते. हा कालावधी किती आणि कधी संपतो ते ट्रॅकच्या फलकावर रंगवून घ्या. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, ट्रॅक चालत जाऊन फोटो काढा, प्रत्येक फोटोत खांब क्रमांक किंवा दुकानाची पाटी येऊ द्या, आणि लेखी तक्रारीची पोच घ्या. अनामत परत करण्याचा अर्ज आला की ती तक्रार फाईलला लागलेली असली पाहिजे. ट्रॅक खोदून कोणी नळजोड किंवा केबल टाकली असेल तर खोदाई परवानगी आणि पूर्ववत करण्याचे शुल्क भरले होते का, हे वेगळे विचारा, त्याचा ठेकेदाराशी संबंध नसतो. कालावधी संपल्यावर मात्र भार नगरपरिषदेवर, म्हणून दरवर्षीच्या अर्थसंकल्पात देखभालीची ओळ आहे ना, हे फेब्रुवारीत पाहायचे.